छेद

ओळखपत्रावर माझ्या नावाखाली लिहिलंय : शिकाऊ.
चार दिवस वॉर्डात, दोन दिवस वर्गात,
तीन वर्षांनी पदवी. असा करार.
नानांनी तो दोनदा वाचला,
विद्यावेतनाच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं,
"शिकायचे पैसे तेच देणार?"
ते कारखान्यात शिकाऊ होते तेव्हा
वर्षभर नुसत्या कांड्या भरल्या होत्या, चहावर.

सकाळी सात. विडी घरकुल.
बॅटरी, खडू, रजिस्टर.
हत्तुरे मॅडम पुढे, मी मागे.
"आधी माणूस बघ. बॅरल कुठं पळून जात नाही."

बालमणी यन्नमच्या मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, बोटं थांबत नाहीत.
मी पुस्तकातलं वाक्य म्हटलं :
आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवा.
तिनं मान वर केली.
"नीळ्ळु लेवु."
पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री दोनला.
"ओत. ओत की.
उद्या रांधायला तूच आण."

निळ्या बॅरलमध्ये बॅटरी मारली.
धाग्याची तुटकी टोकं वळवळावीत तशा अळ्या.
मी भिंतीवर खडूनं तारीख घातली,
भांडी पाच, दूषित एक,
आणि बॅरल तसाच ठेवून निघाले.
मॅडम कोपऱ्यापर्यंत काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "पुस्तक बरोबर आहे बाई, नळ चुकतोय.
आपला पगार मधे उभं राहायचा."

वर्गात सरांनी फळ्यावर रेघ मारली.
वर अळ्या सापडलेली घरं, खाली तपासलेली घरं, गुणिले शंभर.
"छेद चुकला की सगळं चुकलं.
जे दार तुम्ही ठोठावलं नाही
तिथं ताप नाही, असं कुणी सांगितलं?"

रात्री नाना कापड दिव्यासमोर धरून छेद शोधत होते.
चाळीस वर्षांची सवय.
मी विचारलं, डास अडवायला कसलं कापड?
"केवढा असतो?"
नखावर दाखवला.
हसले. "त्याला गाळण्याचं विरळ कापडसुद्धा पुरे.
पण काठ ढिला राहिला तर गेलं.
कापड नको बघू, काठ बघ."

फेल मालाचे तीस गोल कापले.
अम्मानं इलॅस्टिक शिवलं, मशीनवर, बारा वाजेपर्यंत.
त्या दिवशी तिच्या हजारात दोनशे विड्या कमी पडल्या.
हे रजिस्टरमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

पुढच्या फेरीला मोजलं.
तीसपैकी अकरा बॅरलवर,
चार मोटारसायकली पुसायला,
एक पोराच्या डोक्यावर टोपी म्हणून,
बाकीचे कुठं गेले देव जाणे.
बालमणीचं इलॅस्टिक तुटलेलं,
तिनं विडीचा दोरा आवळून बांधलेलं,
गाठ इतकी पक्की की
मलाच उघडायला दहा मिनिटं लागली.
आत स्वच्छ पाणी. माझा चेहरा.

एकशे बारा नंबर मात्र बंद.
तीन फेऱ्या : बंद, बंद, बंद.
मी लिहीत गेले, पुढे सरकत गेले,
आणि एकदा जेवताना घास तसाच हातात राहिला.
पाणी येतं तेव्हा कुठलं दार बंद असतं?

रात्री दोनला गेले. मॅडमही आल्या, स्वेटर घालून, कुरकुरत.
सगळं घरकुल जागं.
घागरींचा आवाज, मोटारींची घरघर,
लहान मुलं पाइप धरून उभी.
एकशे बाराचं दार सताड उघडं.
रात्रपाळीचा माणूस, सुट्टी टाकून आलेला.
कोपऱ्यात मुलगी झोपलेली, कपाळावर ओलं फडकं.
"चार दिवस झाले," तो म्हणाला,
जणू मीच उशीर केला होता.
बॅरलमध्ये बॅटरी मारली.
होत्या.

मॅडमनी तिथूनच दवाखान्याला फोन लावला.
मी पायरीवर बसून आकडेमोड केली,
मांडीवर रजिस्टर, पायाखाली वाहतं पाणी.
वर एक वाढलं, खाली एक वाढलं.
दर चढला.
वॉर्डाचा आकडा कालपेक्षा वाईट झाला.

मॅडमनी वाकून पाहिलं,
"आता खरा झाला," म्हणाल्या,
आणि ओल्या बोटांनी सही केली.
सही थोडी फुटली.